थेंबभर डिंक, हातभर प्लास्टिक

कोणतीही वस्तू घरात आली, की तिचे वेष्टन तिच्या आधी कचऱ्याच्या डब्यात जाते. वस्तू महिनाभर पुरते, काही तर वर्षानुवर्षे टिकतात. वेष्टनाचे आयुष्य मात्र दुकानापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेएवढेच. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगात ३५ कोटी ३० लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. त्यात वेष्टनांचा वाटा सुमारे ४० टक्के होता. या साऱ्या कचऱ्यापैकी पुनर्प्रक्रिया झाली ती अवघ्या ९ टक्क्यांवर. आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९-२० या वर्षासाठी नोंदविलेला प्लास्टिक कचऱ्याचा आकडा सुमारे ३४.७ लाख टन आहे.

आकडे दूरचे वाटतात. परिणाम मात्र जवळचे आहेत. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईगुरांच्या पोटातून शस्त्रक्रिया करून प्लास्टिकचे गोळे काढावे लागतात, हे पांजरपोळांच्या कार्याशी संबंध असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे एक गुणव्रत आहे. ज्या हिंसेला काही प्रयोजनच नाही, तिच्यापासून दूर राहणे हा त्याचा आशय. वेष्टनातील प्लास्टिकचा विचार या व्रताच्या प्रकाशात करू लागलो, की पहिला प्रश्न असा उभा राहतो : या प्लास्टिकपैकी सप्रयोजन किती आणि निष्प्रयोजन किती?

राखण आणि बांधणी

बारकाईने पाहिले, तर वेष्टनातील प्लास्टिक दोन वेगवेगळी कामे करते. एक काम राखण करण्याचे. दमट हवा आत येऊ नये, तेल बाहेर झिरपू नये, वास उडू नये, यासाठी फरसाण, मसाला, औषधाची गोळी यांच्या भोवती प्लास्टिकचा पापुद्रा असतो. त्याला पर्याय शोधणे अवघड आहे. पदार्थ नासला तर तीही हानीच.

दुसरे काम बांधणीचे. सहा बाटल्या एकत्र राहाव्यात म्हणून त्यांच्याभोवती आवळलेली श्रिंक फिल्म, खोके मिटावे म्हणून त्यावर ओढलेली चिकटपट्टी, मालमोटारीत रचलेली खोकी घसरू नयेत म्हणून त्यांच्याभोवती गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म, मिठाईच्या डब्यावर केवळ झाकण निघू नये व चकाकी दिसावी म्हणून चढविलेला पारदर्शक कागद. येथे प्लास्टिक आतील पदार्थाचे रक्षण जवळजवळ करीतच नाही. ते केवळ दोरीचे काम करते. दोरीचे काम डिंकाच्या चार थेंबांनी होत असेल, तर हातभर प्लास्टिक वापरण्याचे प्रयोजन उरत नाही.

शास्त्रीय मराठीत ज्यांना आसंजक म्हणतात आणि व्यवहारात आपण डिंक, गोंद, खळ, सरस अशा नावांनी ओळखतो, ते पदार्थ वेष्टन उद्योगात पूर्वापार आहेत. अलीकडे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. पूर्वी ते वेष्टनाचे साहाय्यक होते. आता काही ठिकाणी ते वेष्टनाची जागाच घेऊ लागले आहेत.

थेंबांचे सामर्थ्य

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण युरोपातले आहे. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीने २०१८ मध्ये ‘स्नॅप पॅक’ नावाची बांधणी बाजारात आणली. तिचे उत्पादन आपल्या आचारात सर्वस्वी वर्ज्य आहे; तंत्र मात्र पाणी, सरबत, दूध अशा कोणत्याही पेयाच्या डब्यांना लागू पडणारे असल्याने येथे विचारात घेतो. सहा डब्यांभोवतीचे प्लास्टिकचे आवरण काढून टाकून शेजारशेजारचे डबे डिंकाच्या ठिपक्यांनी एकमेकांना जोडले. थंड कपाटात, ओलाव्यात, वाहतुकीच्या हादऱ्यांत तो जोड टिकला पाहिजे. ग्राहकाने डबा पिळून ओढला की तो सहज सुटलाही पाहिजे. या दोन परस्परविरोधी अटी पाळणारा डिंक सिद्ध होण्यास सुमारे तीन वर्षे लागली. पूर्वीच्या बांधणीच्या तुलनेत प्लास्टिक ७६ टक्क्यांपर्यंत घटेल आणि वर्षाला १,२०० टनांहून अधिक बचत होईल, असे कंपनीने जाहीर केले. ही घट १०० टक्के का नाही? कारण गठ्ठा उचलण्यासाठी प्लास्टिकची एक छोटी मूठ शिल्लक राहिली होती. जर्मनीतील केएचएस या यंत्रनिर्मात्या कंपनीने विकसित केलेले हे तंत्र एव्हियन या पाण्याच्या बाटल्यांसाठीही वापरण्यात आले.

दुसरे उदाहरण गोदामांतले. लाकडी पॅलेटवर खोकी किंवा पोती रचून वरपासून खालपर्यंत स्ट्रेच फिल्म गुंडाळण्याची सर्वत्र प्रथा आहे. एका पॅलेटला काही शे ग्रॅम फिल्म सहज लागते आणि माल उतरताच ती फाडून फेकली जाते. त्याऐवजी प्रत्येक थरावर विशिष्ट डिंकाचे काही ग्रॅम फवारे किंवा रेघा मारतात. या डिंकाचे वैशिष्ट्य असे, की तो आडव्या बलाला कसून विरोध करतो. उभ्या बलाला मात्र लगेच वश होतो. गाडीने वळण घेतले तरी खोके बाजूला सरकत नाही. हमालाने वर उचलले की हलक्या आवाजासह मोकळे होते. मालमोटारीतील धोका असतो तो आडवा सरकण्याचा, आणि हा डिंक नेमका तेवढाच धोका रोखतो. सुट्या धूळ-पावसापासून रक्षण हवे असेल तेथे फिल्म लागतेच. परंतु बंद गाडीतून बंद गोदामात जाणाऱ्या मालाला तिची गरज पुष्कळदा नसते.

चिकटपट्टीचा हिशेब

आपल्यापैकी अनेकांचा व्यापार आहे. तेव्हा दुकानातलेच उदाहरण घेऊन ढोबळ हिशेब मांडून पाहू. बाजारातील तपकिरी अथवा पारदर्शक चिकटपट्टी ही बीओपीपी या प्लास्टिकची असते. तिची रुंदी ४८ मिलिमीटर आणि डिंकासह जाडी ४० मायक्रॉन धरली, तर एका मीटरचे वजन सुमारे १.८ ग्रॅम भरते. मध्यम खोक्याच्या तळाला व माथ्याला मिळून दीड मीटर पट्टी लागली, तर एका खोक्यामागे पावणेतीन ग्रॅम प्लास्टिक झाले. दिवसाला १०० खोकी पाठविणाऱ्या व्यापाऱ्याच्या वर्षातील ३०० कामाच्या दिवसांत ३०,००० खोकी जातात. म्हणजे ४५ किलोमीटर पट्टी आणि ८० किलोंहून अधिक प्लास्टिक. एका दुकानाची एका वर्षाची ही पट्टी सरळ पसरली, तर सांगलीहून निघून जवळजवळ कोल्हापूरच्या वेशीपर्यंत जाईल.

याला पर्याय म्हणजे पाण्याने भिजवून लावायची डिंकाची कागदी पट्टी. कागदाच्या एका अंगावर पिठूळ डिंकाचा वाळलेला थर असतो; पाणी लागताच तो जागा होतो, पुठ्ठ्याच्या तंतूंत शिरतो आणि वाळल्यावर पट्टी व पुठ्ठा एकजीव होतात. ती उपटू गेल्यास पुठ्ठ्याचा पापुद्राही निघतो. त्यामुळे वाटेत कोणी खोके उघडले तर लपत नाही. रद्दीत देताना पट्टी सोलून काढावी लागत नाही. ॲमेझॉनने भारतातील आपल्या गोदामांच्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचे प्लास्टिक काढून टाकल्याचे जून २०२० मध्ये जाहीर केले, तेव्हा त्या बदलात कागदी पट्टीचाही समावेश होता.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. काही कारखाने पट्टीऐवजी हॉट मेल्ट वापरतात. सुमारे १५० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून सोडलेला हा डिंक काही सेकंदांत थिजतो व खोके मिटते. काम वेगाने होते. पण हॉट मेल्ट बहुधा खनिज तेलापासून बनलेल्या बहुवारिकांचाच असतो, म्हणजे रसायनदृष्ट्या तोही प्लास्टिकचा सोयरा. पट्टीचे पावणेतीन ग्रॅम वाचवून तितकाच हॉट मेल्ट ओतला, तर ताळेबंद जुळेल. शिल्लक काहीच दिसणार नाही. अखंड रेघेऐवजी तुटक ठिपके दिले आणि मात्रा मोजून ठेवली, तरच खरी बचत होते. जमेच्या बाजूला किती प्लास्टिक वाचले हे लिहिताना खर्चाच्या बाजूला किती व कोणता डिंक लागला, हेही लिहिले पाहिजे.

डिंक येतो कोठून?

आणि येथेच आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. प्लास्टिक नको म्हणून आपण पुठ्ठ्याकडे वळतो. पण तो पुठ्ठा ज्याने जोडला, तो डिंक कशाचा?

जुन्या काळी सुतार ज्याला सरस म्हणत, तो जनावरांची कातडी, हाडे व स्नायुबंध उकळून काढलेला डिंक होता. पुढे पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा पांढरा डिंक आला. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेविकॉलने तो घरोघरी पोहोचविला. सरस उकळण्याचा उपद्व्याप आणि दुर्गंध टळला, म्हणून सुतारांनी तो स्वीकारला. हेतू सोयीचा होता, तरी त्यातून प्राणिज डिंकाचा वापर ओसरला, ही गोष्ट अहिंसेच्या दृष्टीने मोलाचीच.

परंतु प्राणिज डिंक उद्योगातून पूर्णपणे गेलेला नाही. जाड पुठ्ठ्याच्या कडक खोक्यांवर, म्हणजे मिठाई, सुका मेवा, साड्या, भेटवस्तू आणि महागड्या लग्नपत्रिका ज्या देखण्या डब्यांतून येतात त्या डब्यांवर, छापील कागद मढविण्यासाठी आणि कापडी बांधणीच्या पुस्तकांची कव्हरे तयार करण्यासाठी ‘जेली ग्लू’ नावाचा डिंक आजही सर्रास वापरला जातो. तो मुळात प्राणिज प्रथिनांपासून, म्हणजे जिलेटिनच्याच कुळातील पदार्थापासून बनतो. तपकिरी, लिबलिबीत लाद्यांच्या रूपात तो कारखान्यात येतो आणि गरम करून वापरतात. चटकन पकड घेतो, कागदाला सुरकुती पडू देत नाही, म्हणून कारागिरांना प्रिय आहे. कर्जप्रस्तावांच्या निमित्ताने खोक्यांचे छोटे कारखाने पाहण्याचा योग नोकरीत अनेकदा आला. मालकाकडे कच्च्या मालाची यादी मागितली, तर त्यात कागद, पुठ्ठा, शाई यांचे बारीकसारीक तपशील असत. डिंकापुढे मात्र नुसते ‘ग्लू’ एवढेच.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका आतील पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. डबा कशाने चिकटवला, हे तो सांगत नाही. म्हणजे ज्या डब्यात आपण कटाक्षाने निवडलेली मिठाई घालून प्रभावना म्हणून वाटतो, त्याच डब्याच्या कोपऱ्यात हाडाकातड्यांचा अंश असू शकतो. हीच शंका धर्मग्रंथांच्या पक्क्या बांधणीबाबतही घेता येईल.

सुदैवाने निर्दोष पर्याय भरपूर आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठा पर्याय आपल्या अवतीभोवतीच असतो. बाजारात ज्याला कोरुगेटेड बॉक्स म्हणतात, त्या पन्हळी पुठ्ठ्याचे थर जगभर प्रामुख्याने स्टार्चने, आपल्याकडे मुख्यतः मक्याच्या स्टार्चने, जोडले जातात. १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीनुसार थोडे शिजवलेले आणि पुष्कळसे कच्चे स्टार्च पाण्यात एकत्र करतात. त्यात थोडा कॉस्टिक सोडा व टाकणखार असतो. पन्हळीच्या माथ्यावर हे मिश्रण लागते, यंत्राच्या उष्णतेने कच्चे स्टार्च जागच्या जागी शिजते आणि जोड बसतो. आपल्या घरी कागदाला लावायची खळ आणि ही कारखान्यातील खळ यांचे तत्त्व एकच.

कडक डब्यांसाठीही डेक्स्ट्रिनसारखे वनस्पतिजन्य डिंक आणि पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा पांढरा डिंक उपलब्ध आहेत. दुसरा खनिज तेलापासून बनतो, हे खरे. पण कागदी डब्याला तो अगदी थोडा लागतो. काचेच्या बाटल्यांवरील लेबलांसाठी केसीनचा, म्हणजे दुधातील प्रथिनाचा, डिंक वापरण्याची प्रथा आहे; दूधही वर्ज्य मानणाऱ्यांनी त्याची चौकशी करावी. पिठाच्या खळीला कसर लागते, म्हणून जुने बुकबाइंडर तीत मोरचूद घालीत. साठवणीत कीटक होणार असतील, तर वनस्पतिजन्य डिंकही सर्वस्वी निर्दोष राहत नाही. म्हणून असा डिंक ताजा वापरणे आणि खोकी कोरड्या जागी ठेवणे, हाही अहिंसेचाच भाग समजावा.

जोडणे आणि सोडवणे

डिंकाची परीक्षा जोडताना अर्धीच होते. उरलेली अर्धी सोडवताना होते. रद्दीचा लगदा करताना स्टार्च पाण्यात विरघळून जातो. हॉट मेल्ट आणि कायम चिकट राहणारे लेबलांचे डिंक मात्र मऊ पडून बारीक कणांत विखुरतात, यंत्राच्या जाळ्यांना चिकटतात आणि नव्या कागदावर डाग व भोके पाडतात. कागद उद्योगाची ही जुनी डोकेदुखी आहे. प्लास्टिकच्या बाटलीवरील लेबल गरम पाण्याच्या धुण्यात निघाले नाही, तर बाटलीच्या पुनर्प्रक्रियेची प्रतही घसरते.

याहून गंभीर उदाहरण फरसाणाच्या चकचकीत पुडीचे आहे. तिच्यात पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिएथिलीन असे भिन्न जातीचे पापुद्रे पॉलियुरेथेन डिंकाच्या अतिशय पातळ थराने कायमचे जोडलेले असतात. त्यामुळे पुडी हलकी झाली व प्लास्टिकचे वजन घटले, हे मान्य. पण ते पापुद्रे पुन्हा वेगळे करणे जवळजवळ अशक्य झाले. भंगारवाला बाटली उचलतो. पुडी उचलत नाही. म्हणून आता एकाच जातीच्या प्लास्टिकचे पापुद्रे एकमेकांना जोडण्याकडे उद्योगाचा कल आहे, म्हणजे ते वेगळे न करताही वितळवता येतील.

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गल परमाणूंचा परस्पर बंध स्निग्धता व रूक्षता या गुणांमुळे होतो, असे विवेचन आहे; आठव्या अध्यायात कषायांमुळे जीवाला होणाऱ्या कर्मबंधाचा विचार आहे. तेल लावलेल्या अंगाला धूळ चिकटावी तसा हा बंध, असा दृष्टान्त प्रवचनांतून आपण ऐकत आलो आहोत. बंध घडणे सोपे आणि निर्जरा कष्टसाध्य, हे ज्या परंपरेने शिकविले, तिच्या अनुयायांना फरसाणाच्या पुडीतील अडचण समजण्यास रसायनशास्त्राची पदवी लागू नये. काम असेपर्यंत धरून ठेवणारा आणि काम संपताच सोडून देणारा डिंक, हाच वेष्टनासाठी उत्तम डिंक.

आपल्या हाती काय आहे?

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. केंद्र शासनाच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या वस्तूंना मनाई झाली, त्यांत मिठाईची खोकी आणि निमंत्रणपत्रिका यांच्याभोवतीची प्लास्टिक फिल्म स्पष्टपणे नमूद आहे. लग्न, वास्तुशांती, पंचकल्याणक महोत्सव, दशलक्षण पर्व यांत आपण हजारो डबे व पत्रिका वाटतो. त्यांवरील चकचकीत आवरण आता केवळ अशोभनीय राहिलेले नाही; ते बेकायदेशीर आहे. डब्याच्या झाकणाला डिंकाचा एक ठिपका किंवा कागदाची छोटी चिकटचिठ्ठी लावली, की त्या आवरणाचे काम भागते.

खोक्यांची मागणी नोंदविताना विक्रेत्याला पाच प्रश्न लेखी विचारावेत. डब्यावर कागद मढविण्यासाठी कोणता डिंक वापरता? तो जेली ग्लू असेल, तर त्याऐवजी वनस्पतिजन्य अथवा पांढरा डिंक वापराल का? कागदावर प्लास्टिकचे लॅमिनेशन आहे का, आणि ते टाळता येईल का? डबा मिटविण्यासाठी फिल्मऐवजी काय देता येईल? पाठवणीची मोठी खोकी कागदी पट्टीने बंद करून द्याल का? तोंडी आश्वासन विसरले जाते; मागणीपत्रात लिहिलेली अट बिलाच्या वेळी आठवते.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. कागदी पट्टीचे रीळ प्लास्टिकच्या रिळाहून महाग पडते आणि ती भिजवून लावण्याचे छोटे यंत्रही घ्यावे लागते. पण तुलना रिळाशी रिळाची करू नये; एका खोक्याला किती पट्टी लागते, किती वेळ लागतो आणि वाटेत किती खोकी उघडतात, हे धरून दर खोक्याचा खर्च काढावा. प्लास्टिकची पट्टी नीट धरत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी ती दोनदा-तीनदा ओढतात. कागदी पट्टी नीट भिजवली तर एकदाच पुरते. महिनाभर दोन्ही पद्धती शेजारशेजारी चालवून वहीत नोंद ठेवली, तर निर्णय अंदाजावर घ्यावा लागणार नाही.

एका कुटुंबाच्या ५० डब्यांसाठी कोणताही कारखानदार आपला डिंक बदलणार नाही. पण गावातील मंदिर समिती, महिला मंडळ, वसतिगृह आणि चार-सहा मिठाईवाले यांनी मिळून वर्षाची मागणी एकत्र नोंदविली, तर तो आनंदाने बदलेल; कारण त्याच्या दृष्टीने डिंक हा एकूण खर्चातील लहानसा भाग आहे. दशलक्षण पर्वासाठी लागणाऱ्या डब्यांच्या मागण्या साधारणतः चातुर्मासाच्या आरंभी नोंदविल्या जातात. यंदाच्या मागणीपत्रात डब्याचा आकार, रंग आणि छपाई यांच्याखाली ‘डिंक’ हा आणखी एक रकाना घालावा आणि तो कोरा सोडू नये.